गाठींची दोरी

पडदा वर गेला असं समजा. सकाळचं तिरपं ऊन, भंगार बाजारातलं पत्र्याचं लांबलचक छप्पर, आणि त्याखाली ओळीनं मांडलेली मोटरसायकलींची जुनी इंजिनं. काळी, तेलकट, नाटक सुरू होण्याआधीच्या प्रेक्षकांसारखी गप्प. मधोमध उलट्या डब्यावर बसल्या आहेत दोरीकाकू.

हे नाव त्यांना बाजारानं दिलं. काका गेल्यावर गॅरेज त्यांनी हातात घेतलं आणि पहिल्याच खरेदीत फसल्या. इंजिनाच्या झाकणावर मॉडेलचं नाव ठसठशीत होतं. गाडीत बसवायला गेल्या, तर बोल्टची भोकं जुळेनात. झाकण एकाचं, पोट दुसऱ्याचं! त्याच दिवशी काकूंनी एक मेण लावलेली दोरी घेतली. पुढे गॅरेजात येईल त्या प्रत्येक इंजिनाच्या दोन भोकांमधलं अंतर त्या तिच्यावर मोजत, आणि तिथे गाठ मारत. एक मॉडेल, एक गाठ. तीस वर्षांत एकवीस गाठी झाल्या. काकू येताना दिसल्या की विकणारे झाकणं चकचकीत करायचं सोडून मुकाट्यानं चहा मागवू लागले.

आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून सोबत सून. दोन वर्षं तिनं गॅरेजात हात काळे केले होते, पण इंजिन निवडायची पाळी आज पहिलीच. पाववाल्याची गाडी चार दिवस इंजिनाविना, रिकाम्या पोटानं उभी होती आणि तो बिचारा डोक्यावर टोपली घेऊन गल्ल्या तुडवत होता. ‘आज संध्याकाळी गाडी सुरू,’ असा शब्द काकूंनी त्याला दिला होता. इंजिन चुकलं तर शब्द जाणार, आणि बाजार म्हणणार, काकू संपल्या.

“मी चकार शब्द काढणार नाही,” त्यांनी वाटेतच सांगून टाकलं होतं. “तूच बघायचंस.”

“या वहिनी!” भंगारवाल्यानं काकूंपुढे एक इंजिन ओढलं. “मोठं मॉडेल हवंय ना? तुमच्यासाठीच बाजूला ठेवलंय.”

आजूबाजूचे दुकानदार जमले. चार माणसं बघायला उभी राहिली आणि काकूंना राहवेना. त्या पुढे झाल्या, डोळे मिटले आणि झाकणावरून बोटं फिरवली. किकच्या दांड्याखाली आडवा उंचवटा लागला. तो फक्त मोठ्या मॉडेललाच असतो.

“हेच ते!”

“वा! नजर गेली तरी बोटं शाबूत,” शेजारच्या टायरवाल्यानं टाळी वाजवली. काकूंचा चेहरा खुलला.

“आई, थांबा,” सून म्हणाली.

सुनेनं रॉकेलच्या फडक्यानं इंजिनाच्या खालच्या अंगाचा चिकटा पुसला. तिथे ठोकलेल्या नंबरावर खडू घासून वरची भुकटी झटकली. खाचांमधून पांढरी अक्षरं वर आली. मग तिनं दोरीचं टोक एका भोकावर धरून दोरी ताणली. मोठ्या मॉडेलची सतरावी गाठ दुसऱ्या भोकाच्या बोटभर पुढे गेली.

“नंबरची पहिली दोन अक्षरं लहान मॉडेलची आहेत. दोरीही तेच सांगते. मोठ्याचं आहे ते नुसतं झाकण.”

“अगं, तुझ्या सासूची हयात गेली ह्या बाजारात,” भंगारवाला हसला. “त्या चुकतील?”

सुनेनं दोरी भोकांवर तशीच ताणून धरली. “त्यांनीच शिकवलंय, झाकण बघायचं नाही, गाठ बघायची. आज त्याच झाकणावर भाळल्या, त्याला मी काय करू?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. काकूंची कानशिलं तापली. तीस वर्षांनी, भर बाजारात, तीच चूक! त्यांनी अंगठ्यानं गाठ चाचपली, भोक चाचपलं. मधे खरंच बोटभर जागा होती. आणि मग त्यांना आठवलं, त्या पहिल्या दिवशी शेजारी ‘थांबा’ म्हणणारं कुणीच नव्हतं. छाती भरून आली. त्या खळखळून हसल्या.

“ऐकलंस ना रे? भर सभेत मला खोटं पाडलं, तेही पुराव्यानिशी! आहे असं माणूस तुझ्या दुकानात?”

“नाही बुवा,” भंगारवाल्यानं कान पकडला. “मला ते असंच आलं हो, वहिनी. मीही झाकणच बघितलं.”

त्यानं ढिगातून दुसरं इंजिन काढलं. ह्या खेपेला काकूंनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. खडू फिरला, अक्षरं जुळली, सतरावी गाठ नेमकी भोकावर टेकली. “घ्या हे,” सून म्हणाली, आणि भंगारवाल्यानं काकूंकडे न बघताच ते हातगाडीवर चढवलं. काकूंना ते फार आवडलं.

संध्याकाळी दुसऱ्याच किकला पाववाल्याची गाडी बोलू लागली. तो टोपली बांधून गेल्यावर सून दोरी नेहमीच्या खुंटीला अडकवायला निघाली. काकूंनी तिचा हात धरला.

“खुंटीला नको, तुझ्या खिशात ठेव. नवं मॉडेल आलं की तेवढी मला हाक मार. गाठ मी डोळे मिटूनही मारते.”