वाऱ्याच्या बाजूचा दगड

विमलताई गेल्याचा फोन आला तो शनिवारी सकाळी. मी ऑफिसात टपाल लावत बसलो होतो. "भाऊ, आई गेली," एवढंच त्यांचा मुलगा प्रकाश बोलला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं नाही. मला राग आला. अहो बाई, आज शनिवार, संध्याकाळी पाच वाजता स्काउटचं पथक आहे आणि तुम्ही आजच जाता? एक दिवस थांबायचं... अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय वाट्टेल ते येतं. आता दीड महिना झाला, तरी तो राग उतरलेला नाही. उलट रस्त्यात भेटेल तो विचारतो, "आता ते स्काउटचं बंदच होणार, नाही का?" हे ऐकलं की तो वाढतो.

अठ्ठ्याण्णव साली आमचा निखिल पाचवीत गेला आणि शाळेच्या स्काउट पथकात दाखल झाला. मी त्याला स्कार्फ आणून दिला, शिटी आणून दिली आणि बापाचं काम संपलं असं धरून चाललो. त्याच वर्षी स्काउटच्या गुरुजींची अलोऱ्याला बदली झाली. मुख्याध्यापकांनी पालकांची सभा घेतली. दुसरा कोणी शिक्षक तयार नाही, तेव्हा पथक बंद करावं लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं. आम्ही सगळे बाप घड्याळाकडे बघत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बंद का म्हणून? मी घेते!"

त्या विमलताई. मच्छीमारांच्या मिरकरवाड्यात राहायच्या. शिक्षण सातवी, नवरा ट्रॉलर चालवणारा तांडेल आणि स्वतः बारा महिने जाळी विणायच्या, फाटलेली सांधायच्या. मुख्याध्यापक हसून म्हणाले, "अहो बाई, त्यात मुलांना दोरीच्या गाठी शिकवाव्या लागतात."

"मग गुरुजी, आजवर मी काय भजी तळत होते काय?"

सगळी सभा हसली. मी जरा जास्तच मोठ्याने हसलो असेन, कारण ताई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "हसताय काय ओ? मुलगा आला, तुम्ही कधी येणार? अर्ज लिहायला मला कारकून लागणारच आहे." झालं. चाळिशी उलटलेला मी पुढच्या शनिवारी खाकी हाफपँट घालून मैदानात उभा. माझे गुडघे बघून आमची ही दोन दिवस हसत होती.

मुख्याध्यापकांनी एक अट घातली होती. त्या वर्षीच्या स्काउट मेळाव्यात पथकाचं नाव झालं तर ठीक, नाहीतर यंदाचं वर्ष शेवटचं. मेळावा होता लांज्याजवळच्या सड्यावर. सडा म्हणजे मैलभर उघडा कातळ, त्यात तंबूची खुंटी जाणार कशी? बाकीची पथकं कातळातल्या भेगा शोधत वणवण फिरत होती. ताईंनी मात्र प्रत्येक पोराला आपापल्या घरून एकेक चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, आणायला लावला होता. तंबूची प्रत्येक दोरी त्यांनी चिऱ्याला बांधून घेतली. "होडीला आम्ही दगडाचा नांगर टाकतो, तो काय ठोकून बसवतो?" असं त्यांचं म्हणणं. मी घाबरट माणूस. माझ्या पिशवीत चार खुंट्या होत्या. म्हटलं, ताई, तपासणीपुरत्या भेगेत खोचून ठेवू, मार्क तरी मिळतील. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की पिशवी मी आपोआप मागे घेतली. "तंबू ज्याच्यावर उभा आहे ना, तेच दाखवायचं. पोरं बघतायत, भाऊ."

तपासणीला घाटावरचे एक साहेब आले. "खुंट्या कुठे आहेत? पुस्तकात खुंट्या दिल्यात." ताईंनी माझी पिशवी मागून घेतली आणि एक खुंटी आणि हातोडा साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच ठोका एक." माणूस सरळ होता बिचारा, खाली बसून खरंच ठोकायला लागला. पहिली खुंटी वाकली. दुसरी घेतली, ती टणकन उडाली ती थेट शेजारच्या पथकाच्या भाताच्या टोपात. "पुस्तक घाटावर बसून लिहिलेलं दिसतंय," ताई म्हणाल्या. साहेबसुद्धा हसले. पण नियम तो नियम, तंबूचे सगळे मार्क कापले गेले. दुपारी वारा सुटला, तीन पथकांचे तंबू झोपले. आमचा जागचा हलला नाही. निकालात आम्ही शेवटून पहिले!

शाळेने पथक बंद केलं. मी दोन दिवस तोंड पाडून बसलो. शनिवारी पाचला निखिल स्कार्फ बांधून निघालेला बघितला आणि म्हटलं, कुठे? "ताईंच्या खळ्यात." गेलो, तर त्यांच्या घरापुढच्या अंगणात सगळी पोरं हजर आणि ताई शिटी घेऊन उभ्या. "उशीर झाला, भाऊ. अर्ज लिहायचाय. खुलं पथक काढायचं, शाळेबिळेची गरज नाही." तो अर्ज मी सतरा वेळा लिहिला, दोन वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे मंजुरी आली. तोवर शनिवार एकही चुकला नव्हता.

त्या पथकात यायची फी एकच. घरचा एक दगड, आणि तो आईने किंवा बापाने स्वतः उचलून आणायचा. आमच्या ऑफिसच्या साहेबांनाही मी घामाघूम होऊन चिरा वाहताना बघितलं आहे. पुढे मुलीही आल्या. तंबू बांधताना नव्या पोराचा दगड ताई नेहमी वाऱ्याच्या बाजूला ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, तिथे जुना, मुरलेला ठेवा. तर म्हणाल्या, "नव्याला कोपऱ्यात ठेवलंत तर तो कोपऱ्यातच राहील." निखिल बारावी करून मुंबईला गेला. मी राहिलो. मुलगा गेला म्हणून बापानेही जावं असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. या बाईने मला माणसांत आणलं होतं हो...

तेराव्यानंतरच्या शनिवारी मी पाचला त्यांच्या खळ्यात गेलो. कडेने सगळे दगड रचलेले. पडवीत खिळ्याला शिटी. जुनी पोरं आली होती, सगळी माझ्याकडे बघत होती. माझा हात काही त्या शिटीकडे जाईना. इतक्यात कुंपणाच्या गडग्यापाशी एक बाई येऊन उभी राहिली, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, आणि कमरेवर हा एवढा चिरा. धापा टाकत म्हणाली, "ताईंनी मागच्या महिन्यात सांगितलं होतं, दगड घेऊन या म्हणून. आज इथे आल्यावर कळलं... आता बंदच असेल ना?"

"बंद का म्हणून?" माझा आवाज मलाच मोठा वाटला. खिळ्यावरची शिटी काढली, गळ्यात घातली. "मी घेतो."

"मग हा कुठे ठेवू?"

"वाऱ्याच्या बाजूला."