ओकारीवर लाउडस्पीकर

आमच्या साडूंइतका आवाजावर श्रद्धा ठेवणारा माणूस उभ्या सुरत शहरात दुसरा झाला नाही. लोक देवावर विश्वास ठेवतात, डॉक्टरवर ठेवतात, गिरणीतले लोक नाइलाजानं शेठवर ठेवतात. साडूंचा विश्वास फक्त आवाजावर. डोकेदुखी, अपचन, नवरा-बायकोची धुसफूस, ट्रकचं इंजिन तापणं, या सगळ्यांचं मूळ त्यांच्या मते एकच होतं : कान रिकामे राहणं. "कान रिकामा ऱ्हायना का पोट बोलस," असं ते आपल्या अहिराणीत ठासून सांगत. सुरतेतल्या उधन्याला त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. तिथं बॉनेट उघडण्याआधी रेडिओ लागे. एक वाहतूकदार एकदा म्हणाला, "पहले गाडी देखो, गाना बाद में." साडूंनी पाना खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आपके घर में आरती घंटी बजाके होती है, या बिना घंटी?" त्या दिवसापासून वाहतूकदार दर वेळी गाणं संपेपर्यंत मुकाट्यानं टायरवर बसून राहू लागला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझ्याहून बरेच मोठे, अंगानं आडवे, आणि उत्साह असा की सकाळी दात घासतानाही त्यांना काहीतरी सुचत असे आणि ते तोंडात राखुंडी असतानाच सांगायला येत. मी गिरणीच्या कचेरीत कारकून. माझा स्वभाव असा की गर्दीत कुणाचा पाय माझ्या पायावर पडला तरी माफी मीच मागतो. असा माणूस साडूंना मदतनीस म्हणून फार सोयीचा. ते "साडूभाऊ, चाला!" म्हणाले की नाही म्हणण्याचा विचार माझ्या मनात यायचा, पण तो आल्याचीच मला इतकी शरम वाटायची की मी चपला घालून मोकळा होई.

त्यांच्याकडे लष्कराच्या लिलावातली एक जीप होती आणि जीपच्या मागं जोडायची दोन चाकांची ट्रॉली. त्या ट्रॉलीवर साडूंनी सागाच्या फळ्यांची एक खोलीच बांधली. आत एक पलंग, एक बाक, स्टोव्ह ठेवायला पत्र्याचा कोनाडा, खिडकीला सुरतेच्या छापील कापडाचा मोरांचा पडदा. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत चाकांवरचं घर आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. शेजारचे गुजराती काका रोज संध्याकाळी तिला एक प्रदक्षिणा घालत आणि म्हणत, "आ तो बंगलो छे, बंगलो!" पण खोलीचं साडूंना काही नव्हतं. त्यांचा जीव होता आतल्या आवाजात. आधी त्यात व्हॉल्व्हचा रेडिओ बसला. जरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या त्यांच्या मधल्या भावानं जरीची टाकाऊ तार आणून दिली आणि तिची एरियल छपरावर ताणली गेली. उन्हात आमची ट्रॉली नव्या नवरीच्या शालूसारखी चमकायची.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर त्यांच्या मायसाठी.

माय राहायची साक्रीकडच्या गावात, एकटी, आणि तिच्याजवळ घराण्याची कानबाई. खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई बसवतात. नारळाची देवी, तिला डोळे, नथ, लुगडं, सगळा साज. त्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीनं गहू मोजून दळतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात. ते सगळ्या भावांनी एका ठिकाणी बसून खायचे. बाहेरच्याला त्यातला घासही द्यायचा नाही. सोमवारी नदीवर विसर्जन, म्हणजे देवीला न्हाऊ घालून नारळ जपून परत आणायचा. साडू आणि त्यांचे दोघे भाऊ, तिघंही पोटासाठी सुरतेला. दर श्रावणात तिघांनी रजा काढून गावी पळायचं. एका वर्षी धाकट्याला गिरणीनं रजा दिली नाही. त्याच्या नावाचे रोट ताटात तसेच राहिले, आणि मायनं दोन दिवस पाण्याखेरीज काही तोंडात घेतलं नाही. तेव्हापासून साडूंनी ध्यासच घेतला, की मायला कानबाईसकट सुरतेला आणायचं, म्हणजे कुणाचे रोट राहायला नकोत.

मायचीही तयारी होती. अडचण एकच : तिला गाडी लागायची. बस नुसती दिसली तरी ती पदर तोंडाला लावी. रेल्वेचा धूर नाकात गेला की संपलं. एकटी असती तर ओकत-ओकत आलीही असती, "पन मांडीवर कानबाई अन मी ओकारी काढू?" ती विचारायची. "देव काय म्हनी?" साडूंजवळ मात्र उपाय होता. मायचे कान भरलेले ठेवायचे, म्हणजे पोट गप्प बसेल.

त्यांनी हा सिद्धांत आधी माझ्यावर तपासून पाहिला. मला पोटभर घारी, म्हणजे तुपात बुडवलेली सुरती मिठाई, खाऊ घातली, वर ताक पाजलं, ट्रॉलीत आडवं केलं, रेडिओ लावला आणि कडोदऱ्यापर्यंत खड्डे शोधून-शोधून जीप हाकली. पलीकडे पलसाण्याचा रस्ता धरला तेव्हा मला व्हायचं ते झालं. मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून त्यांची मनापासून माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तुमनी चूक नई, साडूभाऊ. आवाज कमी पडना."

पहिल्या श्रावणात मायला घेऊन गावाहून निघालो, पण रेडिओ कोंडाईबारीच्या घाटापर्यंतही टिकला नाही. डोंगर सुरू झाले तशी खरखर सुरू झाली, आणि खरखरीबरोबर माय पिवळी पडू लागली. "गाडी उभी कर," ती म्हणाली. उतरली, कानबाईचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि समोरून येणाऱ्या बैलगाडीत बसून गावाकडे निघाली. बैलगाडी तिला कधीच लागत नसे. आम्ही जीप वळवून चोरासारखे तिच्या मागं-मागं.

साडू खचले नाहीत. खचणं त्यांना येतच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी बॅटरीवरचा रेकॉर्ड प्लेयर आणला आणि तो खड्ड्यांत उडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबांनी छताला पाळण्यासारखा टांगला. पाळणा स्थिर धरायला मी. भक्तिगीतं सुरू झाली, माय डोळे मिटून ऐकू लागली, घाट लागला, अर्धा उतरला, आणि माझं काळीज आनंदानं फुगलं. तेवढ्यात एका खड्ड्यात सुई अडकली. बाई एकच ओळ पुन्हा-पुन्हा गाऊ लागली. मायनं एक डोळा उघडला. "हाई बाई तेच तेच काय सांगस रे? हिले पुढलं येत नई का?" मी सुई उचलायला हात सोडला, तर सगळा पाळणाच माझ्या कपाळावर आला. समोरून बैलगाडी येतच होती; माय तिच्यात बसून परत गेली.

त्यानंतर आला अँप्लिफायर, दोन बॅटऱ्या, आणि जीपच्या टपावर भला मोठा भोंगा. भोंगा कशाला, असं मी चाचरत विचारलं. साडू म्हणाले, आवाज खोलीत मावला नाही तर त्याला बाहेर जायला वाट पाहिजे. हा भोंगा घेऊन आम्ही मायला आणायला निघालो तेव्हा व्याऱ्याला पोरांनी गाडी घेरली. "पिक्चर कयुं छे?" म्हणत ती मागं धावली. बारडोलीच्या अलीकडे तर एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं होतं की आमची निशाणी कोणती. मी इतका गोरामोरा झालो, की त्याला मत कुणाला द्यायचं ते सांगता न आल्याबद्दलही मी माफी मागितली.

पण त्या वर्षाचं खरं शस्त्र निराळंच होतं. साडूंनी कुणाकडून तरी फिरत्या रिळांचा टेपरेकॉर्डर मिळवला होता आणि आदल्या श्रावणात गावातल्या बायकांची कानबाईची गाणी त्यावर भरून ठेवली होती. रेडिओतल्या परक्या बायका नकोत, रेकॉर्डमधली नको. मायच्याच मैत्रिणी, मायचीच देवी! आनंदानं त्यांना बसवत नव्हतं. मायला ट्रॉलीत बसवून त्यांनी टेप लावली आणि ते पुढं जाऊन जीप हाकायला बसले. खोलीभर बायकांचा आवाज घुमला, ढोलही होता, आणि मला खात्रीच वाटली की आता माय थेट सुरतेला जाऊनच डोळे उघडणार.

माय ताडकन उठली. "बंद कर ते!" मी घाबरून सगळीच बटणं दाबली. तिनं फळीवर हात आपटून जीप थांबवली. साडू धावत आले. "आजून बसनी नई ती," माय कानबाईला पदराखाली झाकून म्हणाली, "अन तू तिले वाटे लावाले निंघना?"

साडूंनी कपाळाला हात लावला. गाणी भरली होती सोमवारी, नदीवर विसर्जनाला जाताना. ती कानबाईला निरोप द्यायची गाणी होती. देवीला मोठ्या मानानं आपल्या घरी आणायला निघालो होतो, आणि भोंग्यावरून सगळ्या मुलखाला ऐकवत होतो की बाई, आता निरोप घे. माय गावाकडे चालत गेली. त्या वेळी बैलगाडीही नव्हती. साडू जीप रस्त्यात तशीच सोडून तिच्यामागून अनवाणी गेले.

सुरतेला परतल्यावर ते अँप्लिफायर उघडून बसत आणि नुसतेच त्याच्याकडे बघत. धाकट्याची रजा पुन्हा नाकारली जाणार अशी कुणकुण होती. शेवटी एका दुपारी माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, लसूण सोलता-सोलता म्हणाल्या, "मायलेच गावू द्या ना. तोंड गावाले लागनं का ओकारीले जागा कुठे ऱ्हास?"

साडूंचा जन्मभराचा सिद्धांत बायकोनं एका पाकळीत उलटवला होता. मग ते उठले आणि तिच्याकडे बघून ओरडले, "कान काय अन तोंड काय, शेवट आवाजच ना!" आणि मायक्रोफोन आणायला तसेच बनियनवर स्टेशनकडच्या दुकानांकडे सुटले.

पुढच्या श्रावणातला तो प्रवास मला आजही खड्ड्यानं खड्डा आठवतो. मायच्या समोर मायक्रोफोन, खोलीत एक छोटा स्पीकर म्हणजे तिला तिचा आवाज ऐकू यावा, आणि टपावर भोंगा म्हणजे पुढं साडूंना कळावं. नियम एकच : गाणं थांबलं की गाडी थांबली. "हाऊ काय दांडा शे?" मायनं मायक्रोफोनकडे पाहून विचारलं, आणि तो प्रश्नच भोंग्यातून गावभर गेला. ती दचकली. मग हळूच हसली. "मना आवाज इतला मोठा शे?" तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मुद्दाम.

आणि ती गाऊ लागली. कानबाईला बोलवायची गाणी, तिचे पाय धुवायची, तिला पाटावर बसवायची. घाटाच्या मधोमध गाणं एकदम थांबलं. जीपनं करकचून ब्रेक मारला, साडू पांढरेफटक होऊन मागं धावत आले. माय पाणी पीत होती. "तीस लागनी," ती म्हणाली, आणि तांब्या खाली ठेवून पुढची ओळ उचलली. नवापूर गेलं, सोनगड गेलं, मायचा घसा बसत चालला आणि आवाज मात्र भोंग्यातून वाढतच चालला. चलथाणला पोचलो तर रस्त्यावर बायका उभ्या. खानदेशातून कामाला आलेल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर मूल. आपल्या गावच्या देवीचं गाणं हमरस्त्यावरून चालत येताना त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी जीप अडवली, खिडकीतून हात घालून कानबाईला कुंकू लावलं, आणि मायबरोबर गाऊ लागल्या. आवाज कमी करायला मला स्पीकरची मूठ फिरवायची होती; मी रडत होतो, म्हणून ती राहिली.

रविवारी उधन्याच्या चाळीत तिघं भाऊ एका ओळीत बसले. धाकटा पाळी संपवून आला होता, त्याच्या केसांत अजून कापूस होता. रोटाचा कणही उरला नाही. मी दारात उभा होतो, घास माझा नव्हताच, पण पोट माझंच भरलं. सोमवारी कानबाई वाजतगाजत तापीवर न्हाऊन आली.

मायचा घसा मात्र पुरता बसला होता. आवाज आला की परत जाईन, ती म्हणाली. मग म्हणाली, दिवाळीनंतर जाईन. साडू ट्रॉली धुऊन-पुसून तयार ठेवत. माय खिडकीत बसून रस्त्यावरच्या बैलगाड्या बघे. पुढचा श्रावण तिनं पाहिला नाही.

आता कानबाई सुरतेलाच बसते आणि कुणाला रजा काढावी लागत नाही. गावच्या घराला कुलूप आहे. मला वाटलं होतं, साडू ट्रॉली मोडीत काढतील. पण परवा गेलो तर त्यांनी तिच्यात डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन नवे स्पीकर बसवले होते, कॅसेटची नवी पेटी होती, मायक्रोफोनही बदललेला. मी न राहवून विचारलं, आता हे कशाला?

"मायले आनी लिधं, साडूभाऊ," ते तारेचं टोक सोलत म्हणाले. "परत पोचाडनं ऱ्हायी गयं."

तिला आणण्यात माझाही हात होता. मी बाकावर बसलो. साडूंनी बटण दाबलं, मायक्रोफोन हातात घेतला, खाकरले, आणि गाऊ लागले. सूर त्यांना कधीच नव्हता. देवीला निरोप द्यायच्या गाण्यांतल्या निम्म्याच ओळी त्यांना येतात. बाकीच्या जागी ते नुसते हुंकारत होते.

आवाज मात्र फार स्वच्छ येत होता.