लेकीच्या खोल्या

माझा भाऊ प्लायवूडचा व्यापारी. दुकान जोरात चालतं, पण घरखर्चाचा विषय निघाला की याचा चेहरा लगेच सुतकी होतो. शाळेत माझ्या डब्यातलं खायचा आणि स्वतःचा डबा तसाच घरी आणायचा. माणूस तोच राहिला, फक्त पोट सुटलं.

त्याच्या सासूबाईंनी जावयाला बरोबर ओळखलं होतं. जाण्याआधी त्यांनी आपल्या दोन खोल्या थेट नातीच्या नावावर केल्या. भावाला ते झोंबलं. मग त्यानं डोकं लढवलं. खोल्यांचं भाडं पोरीच्या फीला, दप्तराला, दातांच्या डॉक्टरला. धाकटा मुलगा मात्र बापाच्या खिशातून वाढत होता. जेवताना हा हसत हसत म्हणायचा, "आमच्या मॅडम स्वतःचं खातात बरं का!" वहिनी ताटात बघत राहायची.

पुढे भाड्यावर समाधान होईना, तेव्हा त्यानं खोल्याच विकायचं काढलं. पोर सज्ञान नाही, म्हणून कोर्टाची परवानगी हवी. कारण काय, तर तिचं पालनपोषण! साक्षीला मला नेलं.

"तू फक्त धंदा बसलाय म्हण, ताई," तो म्हणाला. अंगात कॉलर विरलेला शर्ट, पायात झिजलेल्या चपला. ते सोंग बघून मला त्याची किळस आली.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "भावाचं खरंच भागत नाही?"

"न भागायला काय झालं? गेल्याच महिन्यात दुकानावर मजला चढवला."

बाई भावाकडे वळल्या.

"मुलाचा खर्च कोण करतं?"

"मीच की. माझा मुलगा आहे तो."

"आणि मुलगी?"

एरवी हा गिऱ्हाइकाला बोलायची उसंत देत नाही. तिथं नुसता समोरच्या लाकडी कठड्याची कड चाचपत राहिला, जणू मालच पारखतोय.

परवानगी नाकारली. बाहेर येऊन तो माझ्यावरच उखडला, "घरचीच माणसं उलटली!"

संध्याकाळी मी पोरीला माझ्याकडे घेऊन आले. वय वर्षं नऊ. दूध ओतायला लागले तर तिनं पेल्यावर हात आडवा धरला.

"अर्धाच दे, आत्या. खोल्या संपतील ना."

"नाही संपत. आता कुणी हात लावणार नाही त्यांना."

मी पेला काठोकाठ भरला. तिनं तो जवळ ओढला आणि ओठांना लावायच्या आधी विचारलं, "मग हा कुणाच्या पैशांचा?"