ब्रेकमावशीचा हात

आयसीयूतलं माणूस जनरल वॉर्डात हलवताना सगळ्यात मोठा धोका कशाचा असतो, सांगा बरं? आजाराचा? लिफ्ट बंद पडण्याचा? मीही तेच समजत होतो. वीस वर्षं पेशंटांच्या हक्कांसाठी इस्पितळांच्या दारात घसा फोडलाय मी. पण खरं उत्तर मला शिकवलं ते ट्रॉली ढकलणाऱ्या एका बाईनं.

माझ्या ताईच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. नऊ दिवस आयसीयूत काढले. दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, हलवा वॉर्डात. दुपारचा एक वाजून गेला तरी ताई तिथंच. माझं डोकं फिरलं.

"अहो, पेशंट हलवायचाय की घर? किती वेळ?"

ट्रॉलीपाशी पन्नाशीची ठेंगणी बाई ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघत होती. मान वर न करता म्हणाली, "ओरडा दादा, ओरडा. फक्त नळीवर पाय देऊ नका."

खाली पाहिलं. ताईच्या लघवीच्या नळीपासून माझा बूट बोटभर लांब. गुमान मागे सरलो.

तिला सगळे ब्रेकमावशी म्हणतात. आधी इथलेच जिने पुसायची, आता बावीस वर्षं ट्रॉली. शाळा चौथीपर्यंत. पण कुठली फरशी उचकटलीय, लिफ्टच्या फटीत कुठलं चाक अडकतं, हे तिला झोपेतही सांगता येईल. ऑक्सिजनची नळी सिलिंडरला जोडली की आधी स्वतःच्या गालाजवळ धरते. हवा लागली तरच पेशंटला.

"चला बाई, फिरायला निघालोय आपण," ती ताईला म्हणाली. "एवढं तोंड पाडून कुणी फिरायला जातं का?"

नऊ दिवसांत ताई पहिल्यांदा हसली.

आयसीयूची सिस्टर सोबत निघाली. वॉर्डात चाळीस पेशंट आणि सिस्टर एकटी, इंजेक्शनचा ट्रे घेऊन धावतेय. ताईला खाटेवर घेतलं तशी ती लांबूनच ओरडली, "जा तुम्ही. फाईल वाचते मी नंतर."

मावशीनं खाटेच्या कठड्यावर हात ठेवला तो ठेवलाच. ही तिची रीत, नावही त्यावरूनच पडलेलं. वॉर्डाच्या सिस्टरनं शेजारी हात ठेवायचा, आयसीयूच्या सिस्टरचं ऐकायचं, ऐकलेलं मोठ्यानं परत बोलायचं. मगच मावशीचा हात सुटतो. असा हुकूम कुणीही काढलेला नाही.

"मावशी, मला मरायला वेळ नाही!"

"तुम्ही कशाला मरता? हिचं ऐका नि पळा."

सिस्टर फणफणत आली. आयसीयूची सिस्टर एकेक सांगत गेली, ही परत बोलत गेली. मग आयसीयूची म्हणाली, "रक्त पातळ करायचं इंजेक्शन दीडला दिलं."

"दिलं?" वॉर्डाच्या सिस्टरनं आपला कागद पुढे केला. "माझ्या कागदावर तर दोनला द्यायचंय."

कागद सकाळीच लिहून खाली आला होता. इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार होतं, ताईच्या खाटेचा नंबर लावून. घड्याळात दोनला पाच कमी. दुसऱ्यांदा टोचलं असतं तर ताईला आतून रक्तस्राव होऊ शकला असता.

"वेळेआधी का दिलंस?"

आयसीयूच्या सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "हे घाई करत होते. म्हटलं, निघायच्या आधी उरकून टाकू."

वॉर्डाच्या सिस्टरनं ते इंजेक्शन बाजूला काढलं, कागदावर खोडलं आणि म्हणाली, "दीडला दिलंय. आता रात्री दीडला." तेव्हा कुठं मावशीचा हात सुटला.

बाहेर तिला गाठलं. "मावशी, हे कुणी शिकवलं?"

"एकदा सोडला होता हात. वॉर्डाच्या दारात पेशंट ठेवून चहाला गेले." ती ट्रॉलीची चादर नीट करू लागली. "तेव्हापासून नाही सोडत." वरून बोलावणं आलं, निघून गेली.

मोर्च्यांत हजारो हात वर गेलेले पाहिलेत मी. पण नुसता एक हात ठेवून कुणी जीव राखलेला पहिल्यांदाच पाहिला.

तुमचं माणूस असं हलवतील, तेव्हा एवढं करा. दोन्ही सिस्टरना खाटेपाशी समोरासमोर उभं करा, शेवटचं औषध कधी दिलं हे मोठ्यानं बोलायला सांगा. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत, कृपा करा, तोंड बंद ठेवा.