डब्यातला निळा ठिपका

कॉलेजच्या निसर्ग मंडळाच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "मॅप कोणाला वाचता येतो?" मी हात वर केला. मला वाटलं, फोनवरचा. इतरांनाही तसंच वाटलं असणार, पण हात एकट्या माझाच वर होता. अशा रीतीने मी पहिल्या वर्षाच्या ट्रेकचा गटप्रमुख झालो. तोपर्यंत मी मुद्दाम, म्हणजे वर काही काम नसताना, एकही डोंगर चढलो नव्हतो.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "वर काय हाय?"

"काही नाही पप्पा. व्ह्यू आहे."

"नी मग?"

"मग उतरायचं."

वडील रत्नागिरीकडचे. शाळेसाठी त्यांना रोज एक डोंगर ओलांडावा लागायचा, आणि बहुतेक त्या डोंगरामुळेच त्यांनी सातवीत शाळा सोडली. आता त्यांच्या मुलाला डोंगर चढण्यासाठी कॉलेजात जावं लागत होतं. माझ्या शिक्षणातलं जे आपल्याला कळत नाही ते बरोबरच असणार, असा त्यांचा नियम आहे. ते एवढंच म्हणाले, "पोरांना न्यायच्या आधी एकदा बघून येऊ. मी येतो संगती."

आम्ही राहतो भाईंदरच्या गोडदेवला. वडील मिरा रोडच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्या रविवारी त्यांची ड्यूटी दुपारी दोनला सुरू होणार होती आणि त्यांच्या आधीच्या पाळीचे जोडीदार त्याच दिवशी वसईहून गाडी धरून गावी निघणार होते, दीड वर्षांनी.

"दोनला मी गेटवर पायजे," वडील म्हणाले. "मी गेल्याशिवाय तो गेट सोडायचा न्हाय. मला उशीर झाला तर त्याची गाडी गेली."

मी फोनमध्ये बघितलं. "घोडबंदर रोडपासून वर जायला एक तास दहा मिनिटं, उतरायला पन्नास. बारा वाजता आपण घरी जेवतोय." हे मी फार खात्रीने बोललो. खात्री अर्थात फोनची होती.

तो आठवडा अधूनमधून बुरबुरणाऱ्या पावसाचा होता. आदल्या वर्षी माझा फोन बादलीत पडला होता आणि आईने तो तीन दिवस तांदळात पुरून ठेवल्यावर पुन्हा सुरू झाला होता. तेव्हापासून आमच्या घरात तांदळाला डॉक्टरचा मान आहे. आईने स्टीलच्या डब्यात चार मुठी तांदूळ घातले, वर फोन ठेवला. "भिजायचा न्हाय. नी भिजला तरी जागच्या जागी सुकंल." मला हे इतकं पटलं की गोडदेव नाक्यावर रस्त्याची नोंद सुरू करून मी स्वतःच झाकण घट्ट लावलं.

चढताना काही अडचण आली नाही. वर जाणारी वाट वरच जात होती. माथ्यावर व्ह्यू होता: खाडी, मिठागरं आणि पलीकडे भाईंदरच्या बिल्डिंगांची गर्दी. वडिलांनी बराच वेळ आमची बिल्डिंग शोधली, सापडली नाही. "चला, बघून झाला," ते म्हणाले. उतरायला लागलो आणि पुरुषभर उंच गवतात वाटेच्या तीन वाटा झाल्या.

मी सॅकमधून डबा काढला, वरून चार दाणे झटकले आणि फोन बघितला. नकाशावरचा निळा ठिपका राखाडी पडला होता. आणि तो गोडदेव नाक्यावर, वडापावच्या गाडीपाशी उभा होता.

"काय बोलतोय?"

"बोलतोय, आपण गोडदेवला आहोत."

वडिलांनी चारी बाजूंना नीट बघितलं. फोनलाही एक संधी द्यावी म्हणून असेल. "म्हणजे आपण अजून निघालोच न्हाय?"

मग मी मला माहीत असलेले उपाय सुरू केले. विमान मोड चालू केला, बंद केला. लोकेशन बंद करून पुन्हा चालू केलं. प्रत्येक उपायानंतर फोनला वीसेक सेकंद द्यायचो आणि बुरबुर सुरू झाली की परत डब्यात, तांदळावर. फोन रिस्टार्ट केला तोही डब्यातच होऊ दिला, म्हटलं शांतपणे होईल. लोकेशनला नेट लागत नाही, फक्त मोकळं आकाश लागतं, हे मी वाचलेलं होतं. मी मान वर करून आकाश तपासलं. अगदी मोकळं होतं. मग झाकण लावलं.

"डावीकडची वाट मळलेली वाटते," वडील हळूच म्हणाले. मी डब्याकडेच बघत राहिलो, तसे ते लगेच मागे सरले. "पण तू बघ. तू शिकलेला."

मी मधली निवडली. ती एका जुन्या खाणीच्या कडेशी जाऊन संपली. खाली चाळीसेक फूट नुसता दगड. वडिलांनी घड्याळ बघितलं, मला दिसू नये अशा बेताने. पाऊण वाजला होता.

राहिला होता शेवटचा उपाय. फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा. त्याने फोनमधलं होकायंत्र सुधारतं, ठिकाण नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी खाणीच्या कडेला उभा राहून मनापासून आठ काढत होतो आणि वडील शेजारी डबा धरून अदबीने उभे होते.

"कोनाची दिष्ट काडतंस रं पोरा?"

मागे एक आजी उभ्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला कोयता.

मी हात खाली घेतला. वडिलांनी खरं तेच सांगितलं, "फोनची."

"मंग मीठ-मिरची न्हाय आनली?"

"तांदूळ हायत," म्हणत वडिलांनी डबा पुढे केला.

आजींनी डब्यात डोकावून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. मला वाट विचारायची होती, पण गटप्रमुखाने वाट कशी विचारावी ते ठरेना. शेवटी वडीलच बोलले, "दोनला ड्यूटीवर पोचायचं हाय, आई. वाट चुकलाव."

आजींनी गळ्यातली प्लॅस्टिकची पिशवी पुढे ओढली. आत माझ्या फोनपेक्षा मोठा फोन होता. एक बटण दाबून त्या ओरडल्या, "हां, कुठं हाय गं मी?"

"आई, तुमी खाणीच्या वर हाव," पलीकडून बाईचा आवाज आला. "आज तिकडं कशाला गेलाव?"

"माजी सून," आजी आम्हाला म्हणाल्या. "गवतान पडलू तर समजावा म्हनून ह्यो गल्यात बांधलाय. ती घरानशी बगतं. मला काय कलत न्हाय त्यातला." मग फोनमध्ये, "दोगं जना चुकल्यान. एक कॉलेजचा हाय. त्याचा फोन डब्यान हाय."

"कसल्या डब्यात?"

"स्टीलच्या," मी म्हणालो.

"दादा, झाकण लावून?"

"भिजू नये म्हणून."

"अहो, स्टीलमधून सिग्नल कसा येणार? बाहेर काढला तरी त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. कुठल्या कॉलेजला आहात?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. हसू दाबताना होतो तसा एक आवाज आला. "मागं फिरा, डावीकडची वाट धरा. सरळ रस्त्याला लागाल."

डावीकडच्या वाटेने आम्ही जवळजवळ पळतच उतरलो. वडील पुढे, मी मागे, डब्यातले तांदूळ खुळखुळत. मळलेली वाट होती खरी. रोडला रिक्षा लगेच मिळाली आणि दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही सोसायटीच्या गेटवर होतो. जोडीदार काका खांद्याला बॅग लावून रस्त्याकडे डोळे लावून उभे होते.

"क्या हुआ? मेरी तो जान निकल गई."

"सॅटेलाइट का प्रॉब्लेम था," वडील धापा टाकत म्हणाले.

"अच्छा? अब ठीक है?"

"हां. लडके ने ठीक किया."

काकांनी माझ्याकडे अशा आदराने बघितलं की मी डबा पाठीमागे लपवला. ते त्याच रिक्षात बसले, हात हलवला आणि गेले. संध्याकाळी त्यांचा गाडीतून फोन आला, खिडकीची जागा मिळाली म्हणून.

रिक्षा गेल्यावर, चूक माझीच होती हे वडिलांना सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण वडिलांनी तोवर केबिनमधून टोपी काढून घातली होती, खुर्ची ओढली होती आणि आत येणाऱ्या एका स्कूटरला सलाम ठोकला होता. स्कूटर आत गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी पोरांना नेशील ना, तेव्हा तांदूळ नेऊ नको."