श्रावणातला बोकड

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याइतका कट्टर शाकाहारी माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात नसेल, आणि भूगावच्या मटणाच्या दुकानात त्याच्याइतकं नेमानं जाणारं गिऱ्हाईकही नसेल. दर रविवारी सकाळी हा लातूरकर ब्रह्मचारी थर्मास घेऊन रांगेत उभा राही आणि नंबर आला की दुकानदार मामांना नम्रपणे सांगे, "मला फक्त रक्त." बोकडाकडे मात्र बघायचा नाही, भिंतीवरच्या कॅलेंडराकडे तोंड करून उभा. सोसायटीतली कुजबुज पार भानामतीपर्यंत पोचली, तेव्हा मीच धीर करून त्याला विचारलं.

स्वारी संशोधक निघाली. रक्तातल्या पेशीच्या आवरणात एक प्रथिन रुतलेलं असतं. त्याला अमुक एक रसायन लागलं की ते आपला आकार कसा बदलतं, हे तो सहा वर्षं बघत होता. माझ्या चेहऱ्यावरची माशी हलेना, तेव्हा तो आमच्याच दारात जाऊन उभा राहिला. "हे दार म्हणजे आवरण, मी प्रथिन. आता ही पौडची एस.टी. समजा. कंडक्टर आला की दारातला माणूस काय करतो? अंग चोरतो. किती चोरतो, तेवढंच मी मोजतो." इतक्यात माझी बायको भाजीच्या पिशव्या घेऊन आली आणि प्रथिनानं खरोखरच अंग चोरलं. तेव्हापासून ती त्याला डॉक्टर म्हणू लागली. तो दर वेळी ओशाळून म्हणे, "वहिनी, अजून झालो नाही हो."

होणार कसा? त्याच्या गाइडचा हुकूम होता, तिसऱ्यांदा प्रयोग करा, तेच उत्तर आलं तरच प्रबंध. शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती, आणि नेमका श्रावण लागलेला. मामांचं दुकान बंद. शहरातल्या दुकानांत थर्मास पुढे केला की लोक यालाच हाकलायचे. शिवाय पाण्याचा थेंब जरी लागला तरी पेशी फुटतात म्हणे, आणि कोरड्या थर्मासात नीट रक्त धरून देणारे मामाच एकटे. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. मामा म्हणाले, "कापतो की. पर श्रावनात आख्खा बोकड खायाचा कुनी? गिऱ्हाईक आना, मग बगू."

मग मी, जन्मात श्रावण न मोडलेला माणूस, मटणाला गिऱ्हाईक शोधत दारोदार हिंडलो. आयटीतली पोरं लगेच तयार झाली. तळमजल्यावरचे कांबळे हसून म्हणाले, "आम्हाला कुठला श्रावण? आमचे दोन किलो धरा." तरीही एक मांडी उरलीच. बायको सगळं ऐकत होती. म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात शिजणार नाही. गच्चीवर चूल मांडा. माणसाची सहा वर्षं आहेत, देवाला कळतं." मला त्या क्षणी तिचा फार अभिमान वाटला.

रविवारी आम्ही गच्चीवर जेवणासाठी चूल पेटवत होतो, तेव्हा तो थर्मास छातीशी धरून बसमागे धावताना दिसला. पुढे चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी दारावर थाप पडली. बायकोनं आतूनच विचारलं, "कोण?" बाहेरून हळूच आवाज आला, "डॉक्टर."

आता तो दूर कुठे शिकवतो, आणि वर दुसरं बिऱ्हाड आहे. आम्ही श्रावण पुन्हा कडक पाळतो. पण श्रावणात दारावर थाप पडली, की बायको मला उठू देत नाही. स्वतःच जाते.