शाळेमागचं कोहळं

गावात शिरताना लोक रामराम म्हणतात. गोविंदराव विचारत, "काहो, सकाळी कुठी गेलते?" समोरच्याने ओशाळून नाल्याकडे बोट दाखवलं, की तिथेच व्याख्यान सुरू. ते आरोग्यखात्याचे प्रचारक. घर अकोल्याच्या जुन्या शहरात, भिक्षुकाचं. वलगावात मी शाळामास्तर, म्हणून मुक्काम माझ्याकडे. माझ्या हातच्या भाजीला रोज एकच शेरा मिळे, "मास्तर, मीठ कमी आहे."

पत्र्याचा कर्णा तोंडाशी धरून ते गल्लीगल्लीत ओरडत, "खड्डा खंदा, माती टाका, पटकी हाकला!" लोक कौतुकाने ऐकत, ताक पाजत आणि सकाळी लोटा घेऊन नाल्यावर जात. त्याच नाल्याचं पाणी पिऊन सखूबाई माळणीचा थोरला पटकीने गेला होता. धाकटा उरला होता. तरी तीही नाल्यावरच जाई.

शेवटी चिडून गोविंदरावांनी शाळेमागे स्वतः खड्डा खणला, तट्टे लावले आणि उद्घाटनाला मलाच आत धाडलं. मी आणि पोरांनी तो वर्षभर वापरला. मग माती लोटून, एक पावसाळा जाऊ देऊन त्यांनी तिथे कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा वेल लावला. वेलाने शाळेचं छप्पर गिळलं. कर्ण्याला न हललेले माळी आता आपणहून बघायला येऊ लागले.

"खत कोनतं जी?" सखूबाईने विचारलं. गोविंदरावांनी अभिमानाने सांगितलं. सगळे दोन पावलं मागे सरले.

"तुमी बामन. तुमी खासान का हे कोहळं?" ती म्हणाली. "तुमी खाल्लं तं मी आजच खड्डा खंदतो."

गोविंदरावांचा चेहरा पडला. इतकी वर्षं गावोगाव घसा फोडला, पण हा प्रश्न त्यांच्या सोवळ्याला कधी शिवलाच नव्हता. मला हसू येत होतं आणि त्यांची दयाही येत होती. त्यांनी कर्णा खाली ठेवला.

"चिरा, मास्तर."

मी भाजी करून वाढली. सर्वांसमोर डोळे मिटून त्यांनी पहिला घास गिळला. मग डोळे उघडून म्हणाले, "मीठ कमी आहे." आणि पुन्हा वाढायला सांगितलं. सखूबाईने त्याच दुपारी कुदळ काढली. ही बातमी अकोल्याला पोचली, तेव्हा त्यांच्या आईने महिनाभर त्यांचं पान ओसरीवर मांडलं.

गोविंदराव आईच्या आधी गेले. मी त्यांच्या आईला भेटायला अकोल्याला निघालो, तर सखूबाई कोहळं घेऊन टांग्यात बसलेली, शेजारी मिसरूड फुटलेला धाकटा. ओसरीवर तिने कोहळं खाली ठेवलं.

"कुठलं?" म्हातारीने विचारलं.

"शाळेमागचं, माय."

म्हातारी बराच वेळ त्या धाकट्याकडे बघत राहिली. मग कोहळं छातीशी धरून उठली आणि आत सुनेला म्हणाली, "भाजी कर. मीठ जरा जास्त घाल, त्याला लागतं."